चुंबकाचे मोजे

माझ्या मावशीला किळस फार. साबणाला एक केस चिकटलेला दिसला की ती तो साबण नळाखाली धरून इतका घासायची, की शेवटी केसही जायचा आणि साबणही. पंगतीत कुणी बोट चाटलं की हिचं जेवण तिथेच संपलं. "हिला जन्मल्या जन्मल्या फिनेलनं आंघोळ घातलेली आहे," असं काका, म्हणजे मावशीचे यजमान, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

आणि अशा बाईच्या वाट्याला काम काय आलं, तर परक्यांच्या घामात भिजलेले पट्टे उसवायचं.

तशी ती पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवणारी. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापडाचे ताके, भिंतीला टेकवलेली लांब पट्टी. सगळं नीटनेटकं. मग तिच्या पाठच्या भावानं, म्हणजे आमच्या मामानं, चपलांच्या दुकानावरच्या माडीवर 'चुंबक केंद्र' काढलं. चुंबकाच्या गाद्या, कमरेचे पट्टे, गुडघ्याच्या टोप्या, मनगटाचे बंद आणि मोजे. लोक यायचे, गादीवर आडवे व्हायचे, मामा त्यांच्या डोक्याशी बसून बोलत राहायचा. त्याचं बोलणं म्हणजे गूळ. माशा बसायच्याच.

"ताई, शिवायला घरचं माणूस हवं," तो म्हणाला. "बाहेरचा शिंपी आत काय घालतो, कुणाला माहीत?"

"आणि तू आत काय घालतोस ते कुणाला माहीत?"

"चुंबक, ताई. निसर्गाची देणगी."

चुंबक शिवणं हे किती वैतागाचं काम आहे, ते मी तिच्याकडे सुट्टीला गेले की बघायचे. काळ्या गोळ्या यायच्या, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढ्या, एकमेकींना चिकटून काठीसारख्या झालेल्या. त्या सोडवताना दोन गोळ्या फटकन परत जुळायच्या आणि मधे बोटाची कातडी सापडायची. कात्री टेबलावरून सरकत यायची. टाचण्यांची डबी उघडली की सगळ्या टाचण्या साळिंदरासारख्या उभ्या. शेवटी मावशीनं पितळी टाचण्या आणल्या, लाकडी चिमटा आणला आणि पोलादी सगळं शेजारच्या खोलीत हद्दपार केलं. एकच सुई जवळ ठेवायची, दोऱ्यात ओवलेली, तपासणीची. शिवून झालं की प्रत्येक खिशावरून ती सुई फिरवायची. सुई टुणकन उभी राहिली की मोजा पास.

इथवर ठीक होतं. किळस सुरू झाली ती परत आलेल्या मालापासून. कुणाला गुण आला नाही, कुणाचा माणूस गेला, की पट्टे परत यायचे. मामा ते पोत्यात भरून मावशीच्या दारात आणायचा.

"नुसतं वरचं कापड बदल. आतलं चुंबक कुठे खराब होतं?"

मावशी पोतं उघडायची आणि तोंड फिरवायची. आंबलेला घाम, मलमाचा वास, इलॅस्टिकमध्ये अडकलेले पांढरे केस. एका कमरेच्या पट्ट्यावर पिवळट डाग होता, तो कशाचा, हे मावशीनं कुणाला विचारलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही.

"हा ज्याचा होता तो बरा झाला का रे?" तिनं एकदा विचारलं.

"आता त्याला काहीच दुखत नाही," मामा म्हणाला.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात, ते मी त्या दिवशी पाहिलं. मावशीनं लाकडी चिमट्यानं तो पट्टा उचलला, लांब धरला आणि उसवला. काय करणार? आपलेच दात, आपलेच ओठ. वडील गेल्यावर हाच भाऊ तिनं कडेवर वाढवलेला.

काकांचं मात्र मामाशी मेतकूट. कारण काकांचा चुंबकावर विश्वास होता, आणि तोही ऐकीव नाही. ते निवृत्त होईपर्यंत भंगाराच्या यार्डात क्रेनवर होते. तिथे साखळीला टांगलेला ताटासारखा मोठा विजेचा चुंबक असायचा. बटण दाबलं की खाली पडलेली अख्खी मोटार हवेत. "मी जन्मभर चुंबकानं गाड्या उचलल्या आहेत," ते सांगायचे. "मला चुंबक शिकवू नका."

यार्डातला एक किस्सा ते मुद्दाम जेवताना काढायचे, मावशीचा घास अडकावा म्हणून. भंगाराच्या ढिगात एक मेलेला कुत्रा होता, फुगलेला. काकांनी चुंबक खाली सोडला, बटण दाबलं, सगळं लोखंड खणखणत वर गेलं आणि कुत्रा खालीच राहिला. "एकटा. मोकळ्या जागेत. वर माशा."

"अहो, मी जेवतेय."

"मग मी काय सांगतोय? त्याला जेवायचं कुठे होतं?"

काकांना साखरेचा त्रास जुना. एकदा नवा बूट चावला, उजव्या पायाच्या अंगठ्याखाली फोड आला आणि त्यांना तो कळलाच नाही. मावशीला फरशीवर ओला ठसा दिसला म्हणून कळला. फोडाची जखम झाली. जखम भरेना. दवाखान्याचं नाव काढलं की काका भिंतीकडे तोंड करून झोपत. त्यांच्या यार्डातला एक सोबती बोट दाखवायला गेला होता आणि गुडघ्यापासून पाय तिथेच ठेवून आला होता.

मामानं लगेच मोजे आणून दिले. मावशीनंच शिवलेले.

"दाजी, रक्तात लोह असतं की नाही? चुंबक ते खाली पायापर्यंत ओढणार. रक्त आलं की जखम भरणार. साधं गणित."

काकांनी मोजे चढवले. दोन दिवसांनी म्हणाले, "मुंग्या येताहेत. म्हणजे काम चालू आहे."

मावशीनं त्या मोज्याचा पुढचा भाग कापून टाकला, जखमेवर रोज स्वच्छ पट्टी बांधली आणि घोट्यापाशी चुंबकांची रांग तेवढी ठेवली, कारण ती काढली की काका लहान मुलासारखे रुसायचे. पण वास यायला लागला होता. आधी गोडसर, मग नुसताच घाण. पडद्याच्या नव्या कापडांना तो वास बसेल म्हणून तिनं ताके आतल्या खोलीत नेले. साबणावरचा केस न सोसणारी ही बाई रोज सकाळी तो पाय मांडीवर घ्यायची, पट्टी सोडायची आणि मोरीत जाऊन कोरड्या उलट्या काढून परत यायची. काकांना वाटायचं, ती नळ बंद करायला गेली.

खालच्या मजल्यावर शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई राहत. मावशीनं त्यांना गाठलं.

"बाई, तुम्ही यांना सांगा. माझं ऐकणार नाहीत. मी फक्त बायको आहे."

बाई एका संध्याकाळी वर आल्या. हातात द्राक्षांचा लहान घोस, पेय प्यायची एक कांडी, दोरा, आणि जुन्या संगणकातून काढलेला एक चकचकीत चुंबक. कांडीच्या दोन टोकांना दोन द्राक्षं खोचली, मधोमध दोरा बांधून कांडी दिव्याच्या खुंटीला टांगली. तराजूसारखी स्थिर होईपर्यंत आम्ही सगळे श्वास धरून. तेवढ्यात मामा आला आणि दारातच उभा राहिला.

"भाऊ, आता बघा," बाई काकांना म्हणाल्या आणि चुंबक एका द्राक्षाच्या अगदी जवळ नेला. न टेकवता.

द्राक्ष हललं. पण जवळ आलं नाही. हळूच, लाजल्यासारखं, लांब गेलं. बाईंनी चुंबकाची बाजू उलटी केली. तरी लांबच गेलं.

"पळालं की," काका म्हणाले.

"पळणारच. लोखंडाला चुंबक ओढतो, ते आपल्याला दिसतं. पण पाणी, लाकूड, मेण, तांबं, सोनं, शिसं, या सगळ्यांना चुंबक किंचित ढकलतो. यांना प्रतिचुंबकीय म्हणतात. चुंबक जवळ आला की पदार्थाच्या आत बारीक बारीक प्रवाह त्याच्या विरोधात उठतात. म्हणजे कसं, नावडता पाहुणा आला की आपण खुर्ची जराशी मागे घेतो ना? तेवढंच. आणि पाहुणा गेला की खुर्ची जागेवर. काही उरत नाही."

"मग आमची ही त्यातलीच," काका मावशीकडे बघून म्हणाले. "पुढून या, मागून या, खुर्ची मागेच."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "रक्त म्हणजे बरंचसं पाणीच. त्यातलं लोह खिळ्यातल्यासारखं सुटं नसतं. फुप्फुसातून आलेलं ताजं लाल रक्तसुद्धा चुंबकाकडे धावत नाही, उलट कणभर लांबच सरतं. आणि हा चुंबक दांडगा आहे. तुमच्या मोज्यातल्यानं तर द्राक्ष हलणारही नाही. तेव्हा भाऊ, पाय डॉक्टरांना दाखवा."

मावशीनं माझा हात दाबला. काका द्राक्षाकडे बघत होते, आणि आता ते मान डोलावणार, असं आम्हाला खरंच वाटलं.

"द्राक्षात काय असतं?" मामानं दारातून विचारलं.

"पाणी," बाई म्हणाल्या.

"आणि?"

"साखर असते. पण..."

"साखर." मामा आत आला. "दाजी, ऐकलंत? चुंबकानं साखर ढकलली. डोळ्यांदेखत. तुम्हाला काय आहे? साखर."

"अहो, साखरेमुळे नाही." बाईंनी घाईघाईनं द्राक्षं काढली आणि मेणबत्तीचे दोन तुकडे खोचले. "हे बघा. मेण. यात साखर नाही. तरी ढकललं."

"मेण म्हणजे चरबी. चरबीपण जाते, हे मला माहीतच नव्हतं."

बाईंनी पर्समधून खडू काढला. खडूही सरकला.

"खडा," मामा समाधानानं म्हणाला. "मुतखडा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाईंनी दोरा गुंडाळला. मामानं मोठ्या अदबीनं विचारलं, "बाई, हा चुंबक कुठल्या यंत्रातून निघतो?" आणि काका, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते मोज्यावरून हात फिरवत म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं? मुंग्या उगीच येत नाहीत."

पुढच्याच आठवड्यात मामाच्या केंद्रात द्राक्षं टांगली गेली. मावशी शिवलेला माल द्यायला गेली आणि मी सोबत होते. गादीवर एक म्हातारे गृहस्थ आडवे होते, त्यांची सून उशाशी. मामानं दांडगा चुंबक द्राक्षापाशी नेला. द्राक्ष सरकलं. सून हबकली. "ही तुमच्या सासऱ्यांची साखर," मामा हलक्या आवाजात म्हणाला, देवाघरची गोष्ट सांगावी तसा. मग तिच्या हातात मोज्यांचं पाकीट ठेवलं. त्यातले चुंबक काळे, तेच ते मरतुकडे.

जिन्यात मावशीनं कठड्याला धरलं. मला वाटलं, चक्कर आली. तिनं पदर तोंडावर दाबला होता.

"त्या पाकिटातल्या मोज्यांचं कापड मीच बदललंय," ती म्हणाली. "आतले चुंबक कुणाच्या तरी पायाचे आहेत."

घरी येऊन तिनं हात धुतले. परत धुतले. मग पडद्यांच्या सामानाचं खोकं ओढलं. जड पडदा सरळ लोंबावा म्हणून खालच्या घडीत शिशाची गोल वजनं शिवतात, ती त्यात होती. बटणाएवढीच, किंचित जड. काकांच्या मोज्यांची दुसरी जोडी तिनं उसवली, चुंबक काढले आणि त्यांच्या जागी शिसं शिवलं, कापडाच्या दुहेरी घडीत.

"नुसते काढून टाक ना," मी म्हटलं.

"वजन नाही लागलं की लगेच ओळखतील. क्रेनवाले आहेत ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी ती जोडी घातली. मावशी समोरच्या खुर्चीवर, हातात शिवण, लक्ष सगळं पायाकडे. संध्याकाळी काका म्हणाले, "या जोडीत जोर जास्त आहे गं. पार पोटरीपर्यंत मुंग्या."

तिला हसू आलं असेल असं मला वाटलं, पण तिचा चेहरा पाहिला आणि मी गप्प झाले. पोटरीपर्यंत, असं ते म्हणाले होते. कालपर्यंत घोट्यापर्यंत होतं.

तिनं मामाला फोन केला. "उद्या सकाळीच ये. माल तयार आहे."

मामा आला. काकांनी पाय स्टुलावर ठेवला होता. "अरे, या नव्या जोडीनं कमाल केली," ते म्हणाले. "चुंबक बदललास का?"

"आपला दर्जा चढताच असतो, दाजी," मामा म्हणाला. त्याला बदलल्याचा पत्ताही नव्हता.

मावशी सुई घेऊन आली. तीच, तपासणीची. खाली बसली आणि तिनं सुई मोज्यावरच्या खिशावर ठेवली.

सुई पडून राहिली.

पुढच्या खिशावर ठेवली. पडून राहिली. तिसऱ्यावर ठेवली, तिथून ती घरंगळली आणि जमिनीवर टिचकन वाजली.

"सुई बिघडली असेल," मामा म्हणाला.

मावशीनं सुई उचलली आणि मामाच्या मनगटाच्या बंदाजवळ नेली. सुई टुणकन उभी राहिली. मामानं हात मागे घेतला, सुई त्याच्याबरोबर गेली.

"काय घातलंस यात?" काकांनी विचारलं. फार सावकाश.

"शिसं. पडद्याचं. आणि तुम्हाला त्यात जोर जास्त वाटला. पोटरीपर्यंत." तिचा आवाज चढला नाही. "अहो, त्या मुंग्या चुंबकाच्या नाहीत. तुमच्या आहेत. आणि त्या वर चढताहेत."

काकांनी वाकून स्वतःच मोजा ओढला. मोज्याबरोबर पट्टीही निघाली. अंगठ्याखालची जखम आता अंगठ्याखाली राहिली नव्हती. शेजारचं बोट काळं पडलं होतं, वाळक्या खारकेसारखं, आणि वास असा उसळला की मी खिडकीकडे गेले. मामानं खिशातून रुमाल काढून नाकाला लावला आणि दोन पावलं मागे सरकला, दारापर्यंत.

काकांनी ते पाहिलं. मग मावशीकडे पाहिलं. तिनं तो पाय उचलून मांडीवर घेतला होता, उघडा, तसाच, आणि नाकाला काही लावलेलं नव्हतं. तिच्या गळ्याची शीर उडत होती, एवढंच.



"कुत्रा खालीच राहिला होता," काका म्हणाले.

"कुठला कुत्रा?" मामानं रुमालामागून विचारलं.

"तुला नाही कळायचं. गाडी बोलाव."

दोन बोटं गेली. पाय राहिला. डॉक्टर तरुण होते, थकलेले, आणि रागावलेले. "मुंग्या येत होत्या तेव्हाच यायचं. त्या नसा मरताना येतात." काकांनी मान खाली घातली. मावशीनं विचारलं, "आता पट्टी मी बदलू का, की तुमची माणसं?" आणि पट्टी कशी बांधायची ते दोनदा बघून घेतलं.

परत आलेल्या मालाचं पोतं तिनं मलाच केंद्रावर पोचवायला लावलं. न उसवलेलं, तोंड बांधलेलं. वर लाकडी चिमटाही ठेवला. "हा पण दे त्याला. मला नको आता," एवढाच निरोप. पुढच्या खोलीची फरशी तिनं खरवडून धुतली, तरी महिनाभर ती मधेच थांबायची आणि हवेत वास घ्यायची.

मामा दवाखान्यात भेटायला आला तो द्राक्षं घेऊन. साखरेच्या रोग्याला द्राक्षं. ती त्यानं उशाशी ठेवली, खुर्ची ओढली, मावशीजवळ बसला आणि थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून आवाज उतरवला.

"ताई, एक विचारू? ते शिशाचे गोळे कुठे मिळतात?"

मावशीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"नाही म्हणजे, दाजींना जोर जास्त वाटला होता ना. माणसाला जे वाटतं त्याला पण काही अर्थ असतो. सौम्य आणि तीव्र, असे दोन प्रकार करता येतील. शिवायला तूच."

मावशीनं खुर्ची मागे घेतली. मामानं आपली पुढे ओढली. तिनं आणखी मागे घेतली. खुर्चीची पाठ भिंतीला लागून खट्ट वाजली.

काका उशीवरून हे सगळं बघत होते. त्यांनी द्राक्षांचा घोस उचलला आणि मामाच्या मांडीवर ठेवला.

"ती सरकायची तेवढी सरकली रे," ते म्हणाले. "आता तू सरक."